श्रीपतीच्या नावावरचं औषध

साहेब, तुम्ही माझा नवरा मारला असं मी म्हणणार नाही. मारायला हात उचलावा लागतो. तुम्ही हात टेबलावरून हलवलाच नाही. औषध मुंबईत येऊन पडलं होतं, तुमच्या कस्टमच्या खिडकीमागं, थंड खोलीत, आणि तुम्ही ते डोळ्यांत तेल घालून जपलंत. माणूस तापानं भाजत होता, औषध गार होतं, आणि दोघांच्या मध्ये तुम्ही खुर्ची टाकून बसला होता.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. छातीवर पट्टी होती, पण ती कायम फायलीआड असायची. तुमचा आवाज मात्र मी कुठंही ओळखीन.

"खारगे श्रीपती दत्तू. कोण आहे?"

"मी. त्यांची बायको."

"ही भेट कुणी पाठवली?"

"भेट नव्हं साहेब, औषध आहे."

"ते मला कळतं. कागदावर भेट लिहिलंय. पाठवणारा कोण?"

"उमेश. आमच्या वन्संचा मुलगा. जर्मनीत असतोय."

तुम्ही दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेत. एक परवाना, दुसरा पार्सलवरचा. आणि एखाद्या पोराला गणित समजावावं तसं म्हणालात, "हे बघा बाई. परवान्यावर काय आहे? रुग्णानं स्वतःच्या वापरासाठी आयात केलेलं औषध. आणि इथं काय आहे? भेट. मग आयात केली कुणी? रुग्णानं, की भेट देणाऱ्यानं?"

"रुग्ण बेशुद्ध आहे साहेब. तो काय आयात करणार?"

"बेशुद्ध आहे तर अर्जावर सही कुणी केली?"

"तेव्हा शुद्धीवर होता."

"मग तेव्हाच नीट करायचं ना. दुरुस्तीचं पत्र आणा पाठवणाऱ्याकडून. उद्या या."

खिडकीची काच तुम्ही खाली ओढलीत. माझ्या मागं रांगेत उभा असलेला माणूस म्हणाला, "सरका मावशी," आणि मी सरकले.

आता ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही इचलकरंजीचे. श्रीपती यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. मी त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. तिथंच जमलं, तिथंच लग्न ठरलं. मी त्याला नावानं हाक मारायची आणि सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. मग एकदा मागाच्या तुटलेल्या पट्ट्यानं त्याला फेकलं आणि मांडीचं हाड मोडलं. हाडात सळई घातली. सळईबरोबर आत काय गेलं ते देवाला ठाऊक. जखम भरायची, पुन्हा फुटायची. गावाकडचे डॉक्टर एकामागून एक इंजेक्शनं देत गेले, आणि शेवटी म्हणाले, मुंबईला न्या.

मुंबईत डॉक्टर सबनीस होत्या. वयानं लहान, केस कायम विस्कटलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी मला वॉर्डाबाहेर बोलावलं आणि सरळ सांगितलं, "नलिनीताई, ह्यांच्या अंगातल्या जंतूला आपली सगळी औषधं पचलीत. एक नवीन अँटिबायोटिक आहे. आपल्याकडं विकायला नाही, जर्मनीत मिळतं. एका रुग्णापुरतं मागवायची परवानगी सरकार देतं. अर्ज मी करते. तिकडं तुमचं कुणी आहे?"

"भाचा आहे."

"नशीबवान आहात."

श्रीपती तेव्हा बोलत होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "जर्मनीचं औषध? मला त्याची भाषा येत नाही आणि त्याला माझी. आमचं जमायचं कसं?"

"तुझं कुणाशी जमलंय आजवर?"

"तुझ्याशी जमलं की."

असला माणूस होता तो. पैशाचं रडगाणं मी इथं लावत नाही. ज्याला लावायचं त्यानं लावावं. परवाना आला. उमेशनं तिथून औषध घेतलं, बर्फाच्या डब्यात बांधलं, विमानात चढवलं. आणि पार्सलवर काय आहे ते लिहायच्या जागी त्यानं लिहिलं, भेट.

आपली परदेशातली पोरं हे डोळे मिटून लिहितात. उमेशनं आधी धाडलेली चॉकलेटं, सासूबाईंच्या गुडघ्याचा पट्टा, माझं घड्याळ, सगळं भेट म्हणूनच आलं होतं आणि सुखरूप पोचलं होतं. भेट लिहिलं की कुणी उघडत नाही, कुणी विचारत नाही, हे तिकडं एकानं दुसऱ्याला शिकवलेलं शहाणपण. पण औषधाला ते चालत नाही हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

फोनवर तो रडायला आला. "मामी, इथून सगळे असंच लिहितात गं."

"सगळ्यांच्या मामाला ताप नसतोय रे. पत्र पाठव."

"आत्ता पाठवतो. मामा कसाय?"

"पत्र पाठव."

इस्पितळात अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक लांब पॅसेज होता. तिथं नातेवाइकांची वस्ती. सतरंज्या, पिशव्या, स्टीलचे डबे, भिंतीला लावलेले फोन. माझी सतरंजी खिडकीखाली. आजूबाजूला पन्नास माणसं आणि माझ्या ओळखीचं एकही नाही. दीर, जाऊ गावाकडं, त्यांचा फोन यायचा, "काय म्हणतोय ताप?" मी म्हणायची, "हाय तसाच." एवढं बोलून झालं की दिवसभर मी कुणाशी तोंड उघडायची नाही. कधीकधी नळावर तोंड धुताना मुद्दाम मोठ्यानं खाकरायची, आपला आवाज अजून आहे का बघायला.

पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती नरसक्का. भिवंडीची, पद्मशाली, आमच्यासारखीच मागावरची. तिची मुलगी भाग्या श्रीपतीच्या शेजारच्या खाटेवर होती. बाळंतपणात पोट फाडावं लागलं, टाके पिकले, विष अंगात भिनलं. पोरगं घरी मावशीजवळ. भाग्यानं अजून त्याला नीट पाहिलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही झोपेत पाय हलवता," नरसक्का म्हणाली.

"मी?"

"हां. कांडी भरताना पायडल मारतात ना, तसं. मी ओळखलं. मागावरची बाई लपत नाही."

त्या दिवशी आम्ही एका डब्यात जेवलो.

डॉक्टर सबनीस एकदा श्रीपतीचा कागद बघत होत्या आणि मग भाग्याचा. मी म्हटलं, "काय झालं?"

"तोच जंतू आहे. दोघांना एकच." मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "हिच्यासाठीही अर्ज टाकलाय. पण तुमच्या परवान्याला किती वेळ लागला ते तुम्हीच पाहिलंय. आणि हिला तेवढा वेळ नाहीये."

नरसक्का दारात उभी होती. तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी तिला कायमची मानते. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तुमचं आलं की थोडं द्या. ती एवढंच म्हणाली, "तुमचं लवकर येऊ दे, वहिनी."

उमेशचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मी ते इस्पितळाबाहेरच्या दुकानात छापून घेतलं आणि तुमच्या खिडकीवर हजर झाले.

"ही छापील प्रत आहे. सहीचं मूळ पत्र लागेल."

"साहेब, सही आहे की ही."

"सहीचा फोटो आहे."

"तो जर्मनीत आहे. मूळ सही यायला पुन्हा विमान लागंल."

"मग येऊ दे. माझं काही म्हणणं नाही."

तुमचं कधीच काही म्हणणं नव्हतं साहेब. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या, इचलकरंजीच्या बाईला ते जड नाही. पण तुम्ही चिडायचा नाही, ओरडायचा नाही, लाच मागायचा नाही. भिंतीला धडक मारली तर निदान भिंतीचा आवाज तरी होतो.

बाहेर झाडाखाली पिंटो बसायचा. कुठल्याशा क्लिअरिंग एजंटाचा माणूस, दुसऱ्यांचा माल सोडवून द्यायचं काम. डोक्याला रुमाल, तोंडात बडीशेप. मी ज्या दिवशी पायरीवर मटकन बसले त्या दिवशी त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

"मावशी, तुमचं औषध एसीत आणि तुम्ही उन्हात. कुणाचं नशीब चांगलं?"

"माझी थट्टा नको करू बाबा."

"थट्टा नाय. इथं हसलं नाय तर माणूस वेडा होतो. काय लिहिलंय, भेट? हां. भेट लिहिलं की साहेबाला पेन सापडत नाय. वरच्या साहेबाची टीप लागेल. मी फाईल पुढं ढकलतो, माझं त्या बाजूला येणं-जाणं असतं."

"तू कशाला माझ्यासाठी खपतोस?"

"खपत कुठं, चालतोय. चालायचे पैसे नाय लागत."

मी त्याला विचारलं, "आणि समजा, कुणी न्यायला आलंच नाही तर? औषधाचं काय करतात?"

"मुदत संपली की भट्टी."

"जाळतात?"

"परवाच एकाचं गेलं ना. पेशंट वारला. बाई बिचारी सरळ, येऊन खरं सांगितलं, साहेब आता नको. परवाना त्या पेशंटच्या नावाचा, पेशंट गेला म्हणजे परवाना गेला. डबा सीलबंद, मुदत दीड वर्षाची. म्हणाली, इस्पितळाला तरी द्या. म्हणाले, तशी तरतूद नाही." त्यानं बडीशेप थुंकली. "गेलं भट्टीत."

दुसऱ्याच्या घरचं दुःख ऐकावं तसं ऐकलं आणि बस पकडून इस्पितळात परतले.

शुक्रवारी पिंटोनं सांगितलं, वरच्या साहेबांनी छापील पत्र चालेल अशी टीप मारली आहे, फक्त तुमची सही राहिली. मी धावत आले. तुम्ही जागेवर नव्हता. कुणाच्या तरी निरोपाचा समारंभ होता. खुर्चीवर कोट होता. मी त्या कोटाकडं बघत संध्याकाळपर्यंत उभी राहिले. मग शनिवार आला. मग रविवार.

रविवारी दुपारी श्रीपती गेला.

मला आत बोलावलं तेव्हा त्याच्या तोंडावरची नळी काढलेली होती. डॉक्टर सबनीस म्हणाल्या, "आम्ही थांबलो नव्हतो, नलिनीताई." मी मान हलवली. मी विचारलं, "औषध शुक्रवारी मिळालं असतं तर?" त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "सांगता येत नाही. आधीच्या सोमवारी मिळालं असतं, तर मी तुम्हाला आशा धरा म्हटलं असतं."

आधीच्या सोमवारी ते तुमच्या खोलीत येऊन पोचलेलं होतं, साहेब.

दिराला फोन केला. तो म्हणाला, "आम्ही गाडी करून निघतो. पाहुण्यांना कळवायला पाहिजे, भाड्याची गाडी बघायला पाहिजे. उद्या दुपारपर्यंत पोचू." मागून जावेचा आवाज आला, "तिला सांगा, आम्ही येईस्तोवर काही करू नको म्हणावं. कुंकू, बांगड्या सगळं आम्ही आल्यावर."

श्रीपतीला तळमजल्यावर थंड खोलीत ठेवलं. मी पॅसेजमध्ये माझ्या सतरंजीवर बसले. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. नवरा गेलेली बाई आणि अंगावर सगळी सवाष्णीची लेणी. बाजूनं जाणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, "कसं आहे आता तुमच्या मालकांचं?" मी म्हटलं, "बरं आहे." काय सांगणार? कुंकू पुसायलाही आपलं माणूस लागतं. गावात असते तर आळी गोळा झाली असती, कुणी धरून रडलं असतं, कुणी चूल विझवली असती, कुणी पाणी पाजलं असतं. इथं नळ चालू होता, लिफ्ट वरखाली होत होती, आणि मी विधवा झाले हे चार माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या दोघी ड्यूटी संपवून घरी गेल्या.

नरसक्का येऊन बाजूला बसली. तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि दाबत राहिली. आतमध्ये तिची पोरगी तापानं बडबडत होती, मधूनच बाळाला हाका मारत होती, आणि ही माझा पाय दाबत होती.

सोमवारी सकाळी फोन वाजला. पिंटो.

"मावशी, झालं! साहेबानं सही ठोकली. ताबडतोब या, बर्फाचा डबा घेऊन या. स्वतः या हां, हमीपत्रावर नातेवाइकाची सही लागते. पेढे पायजेत मला."

मी उठून अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी गेले.

"मावशी? ऐकलं का? काका कसे आहेत?"

मी फोन कानाला धरून काचेतून आत बघितलं. श्रीपतीची खाट रिकामी, नवी चादर घातलेली. शेजारच्या खाटेवर भाग्या. नर्स तिच्या कपाळावर ओला कपडा ठेवत होती.

"येते," मी म्हटलं.

डॉक्टर सबनीस राउंडला आल्या होत्या. मी त्यांना जिन्यात गाठलं. "डॉक्टर, औषध सुटलं. मी आणायला चालले."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली, मग बांगड्यांवर. "मृत्यूचा दाखला मी काल लिहिलाय. खरी वेळ, खरी तारीख. तो मी बदलणार नाही."

"बदलू नका."

"परवाना त्यांच्या नावाचा आहे. तुम्ही काय करताय ते कळतंय ना तुम्हाला? पकडलं तर तुम्हीही जाल आणि मीही."

"दाखला कस्टमकडं पाठवायचं काम कुणाचं?"

"माझं नाही," त्या म्हणाल्या. दोन पायऱ्या खाली उतरल्या, थांबल्या, आणि मागं न बघता म्हणाल्या, "बर्फ वाटेत वितळू देऊ नका."

न्हाणीघरात गेले. घामानं कुंकू फिसकटलं होतं. पर्समध्ये डबी होती. माझ्या आयुष्यात मी इतकं नीट, इतकं गोल कुंकू कधी लावलं नाही. आरशात बघितलं. श्रीपती असता तर म्हणाला असता, कुणाच्या बारशाला निघालीस?

खिडकीवर तुम्ही होता. त्या दिवशी तुमचा चेहरा वेगळा होता. हसरा.

"या बाई. झालं बघा तुमचं काम."

"होय साहेब."

"हे हमीपत्र. सदर औषध फक्त श्रीपती दत्तू खारगे यांच्याच उपचारासाठी वापरलं जाईल, अन्य व्यक्तीस देणार नाही, विकणार नाही. वाचा आणि सही करा."

मी वाचलं. सही केली. बांगड्या काचेवर वाजल्या.

"पेशंट कसे आहेत?"

इतक्या दिवसांत तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, साहेब. खरोखर, आपुलकीनं विचारलंत. तुमच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. त्या अख्ख्या शहरात त्या क्षणी मला कुणी श्रीपतीबद्दल विचारलं होतं, आणि ते तुम्ही होता. मला वाटलं, काचेवर डोकं टेकावं आणि सांगावं, गेला हो साहेब, काल दुपारी गेला, अजून मी रडलेसुद्धा नाही.

"जिवंत आहेत," मी म्हटलं.

"येईल गुण. तुमच्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं. आणि बघा, नियमानं केलं की काम होतंच. उगाच घाबरत होता तुम्ही."

आतून डबा आला. एवढासा. त्याच्यावर माझ्या नवऱ्याचं नाव इंग्रजीत आणि त्याखाली उमेशच्या अक्षरातली ती भेट. मी तो बर्फाच्या डब्यात घातला, छातीशी धरला आणि चालायला लागले. पिंटो झाडाखालून ओरडला, "मावशी, पेढे!" मी वळले नाही. वळले असते तर त्यानं तोंड बघितलं असतं.

रिक्षात माझी बोटं बर्फानं बधिर झाली. मी डबा खाली ठेवला नाही.

वॉर्डाच्या दारात डॉक्टर सबनीसांनी डबा घेतला. वरचं नाव वाचलं. दोन्ही बाजूंनी फिरवून मुदत बघितली. मग आत बघून म्हणाल्या, "सिस्टर, भाग्याचं वजन पुन्हा घ्या." बस. तेवढंच.

नरसक्काला कळलं तेव्हा ती माझ्या पायाशी वाकायला लागली. मी तिला धरलं. "गप. कुणाला बोलायचं नाही. तुझ्या पोरीलाही नाही. तोंडातून निघालं तर डॉक्टर बाई आत जातील."

"वहिनी, तुमच्या माणसाचं औषध..."

"गप म्हटलं ना."

मग तळमजल्यावर गेले. दीर आणि जाऊ पोचले होते, कधीचे. दिराचे डोळे लाल. सहीला मी नव्हते म्हणून प्रेत दिलं नव्हतं, ते तसेच ताटकळले होते. जावेनं मला वरून खालपर्यंत बघितलं. ताजं कुंकू. बांगड्या. रिक्षाच्या वाऱ्यानं उडालेले केस.

"कुठं गेलतीस?"

"बाहेर."

"बाहेर? नवरा इथं बर्फात, आणि तू बाहेर? कुंकू कुठल्या तोंडानं लावलंस गं हे? काल गेला तो!"

"तुम्हीच म्हणालात, तुम्ही येईस्तोवर..."

"पुसू नको म्हटलं. नवं लाव म्हटलं नव्हतं."

दीर म्हणाला, "वहिनी, कुठं गेलता तेवढं सांगा. कुणी विचारलं तर आम्ही काय सांगू?"

मी दिराच्या तोंडाकडं बघितलं. त्याचं नाक अगदी श्रीपतीसारखं. त्याला सांगितलं असतं तर त्यानं बायकोला सांगितलं असतं, तिनं आळीला. आणि वर तिसऱ्या मजल्यावर औषधाची पहिली धार त्या पोरीच्या शिरेत चालली होती.

"काम होतं," मी म्हटलं.

जावेनं माझं कुंकू तिथंच पुसलं. हातानं नाही, पदरानं, भांडं घासावं तसं.

दहाव्याला घर बायकांनी भरलेलं. मी कोपऱ्यात. फोन वाजला, मी पदराआड घेतला. नरसक्का. "वहिनी, पोरगी उठून बसली. भात मागते. बाळाला आणलं होतं खालपर्यंत, खिडकीतून दाखवलं." मी तोंडात पदर कोंबला. हसू आलं होतं की काय आलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. अंग गदगदा हलत होतं. जाऊ शेजारणीला म्हणाली, "आत्ता रडतीय. त्या दिवशी बघायला पाहिजे होती."

पुढं जे व्हायचं ते झालं. नवऱ्याचं प्रेत ठेवून मुंबई फिरून आलेली बाई, हे माझं नाव पडलं. कारखान्यात बायका माझ्या बाजूच्या चाकावर बसेनात. दिराच्या मुलीच्या लग्नात मला बोलावलं नाही. अक्षता पडल्याचा बँड मी घरात बसून ऐकला. वन्संनी उमेशला सांगितलं, मामीला फोन करायचा नाही. त्या पोराला अजून वाटतं, त्यानं लिहिलेल्या एका शब्दानं मामा गेला. त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की शब्द त्याचा होता, पण शुक्रवारी खुर्चीवर कोट टांगून निघून गेलेला तो नव्हता. सांगणार कोण? मी बोलले की सगळंच बोलावं लागलं असतं. म्हणून बोलले नाही. जेवताना समोरच्या भिंतीशी बोलायची, तेवढंच.

आता इतक्या वर्षांनी डॉक्टर सबनीस वारल्या. पेपरात छोटी बातमी आली होती. नरसक्का त्याआधीच वारली. ज्यांना मी जपत होते त्यांच्यापैकी तुमच्या कायद्याच्या हाताला लागेल असं कुणी उरलं नाही. मी उरले. मी, नलिनी श्रीपती खारगे, खोटी हमी लिहून दिली, मेलेल्या नवऱ्याला जिवंत म्हटलं, त्याच्या नावावरचं औषध दुसरीला दिलं. गुन्हा असेल तर नोंदवा. इचलकरंजीला येऊन कुणालाही विचारा, माझं घर दाखवतील. बोटं मोडत दाखवतील, पण दाखवतील.

पण नोंदवण्याआधी एका गोष्टीचं उत्तर द्या, साहेब. तुम्ही निवृत्त झाला असाल तर तुमच्या खुर्चीवर जो बसला असेल त्यानं द्यावं. त्या सोमवारी मी काचेशी खरं बोलले असते, माझा नवरा काल मेला, शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण मरतेय, तिला हे द्या, असं म्हटलं असतं, तर तुम्ही ते औषध तिला दिलं असतं का?

नियम सांगू नका. तरतूद सांगू नका. हो की नाही, तेवढं सांगा.